बुडखा, साखळी आणि ट्रॅक्टर

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ट्रॅक्टरवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ मुलामुलींची फी शेतातूनच येते, आणि झाडाचा बुडखा जमिनीतून काढण्याचे काम शेतकऱ्याच्या घरी कधी ना कधी निघतेच. निलगिरी विकली, जुना आंबा वठला किंवा विहिरीकडची वाट रुंद करायची ठरली, की झाड तोडणारे येतात. लाकूड जाते, पैसे हातात पडतात आणि मागे राहतो तो बुडखा. नांगराचा फाळ त्यावर आपटतो, पेरणीची कुरी त्याला वळसा घालून जाते, आणि पावसाळा आला की त्यालाच नवे धुमारे फुटतात. आमच्या खानापूर भागात मराठी माणूस त्याला बुडखा म्हणतो, तर बैलहोंगलकडून येणारा कानडी चालक बोड्डी म्हणतो. नावे दोन असली तरी डोकेदुखी एकच.

हा विषय मी निवडला त्याचे कारण केवळ डोकेदुखी नव्हे. आमच्या शेजारच्या गावात काही वर्षांपूर्वी बुडखा ओढताना ट्रॅक्टर मागे उलटला आणि चालक त्याखाली सापडून जागीच गेला. वयाने तो माझ्यापेक्षा फार मोठा नव्हता. ट्रॅक्टर चांगला होता, चालक निर्व्यसनी होता, जमीनही सपाट होती. लोक म्हणाले, नशीब. गेल्या दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत काकांच्या शेतातले निलगिरीचे बुडखे काढण्याचे काम चालू असताना मी बांधावर वही घेऊन बसलो, चालकांना आणि गॅरेजमधल्या मिस्त्रींना प्रश्न विचारले, विज्ञान शाखेच्या मित्रांकडून थोडे गणित समजून घेतले. त्यातून माझी खात्री झाली की यात नशिबाचा भाग थोडा आहे. साखळी ट्रॅक्टरला किती उंचीवर बांधली, यावर पुष्कळसे अवलंबून असते. ते कसे, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

बुडखा इतका घट्ट का?

झाडाचा वरचा भाग दिसतो, म्हणून आपण झाडाला उंचीने मोजतो. जमिनीखाली मात्र ते आडवे पसरलेले असते. बहुतेक झाडांची जाड मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच चहूबाजूंना जातात, आणि काहींना त्याखाली खोल उतरणारे सोटमूळ असते. बुडखा उपटायचा म्हणजे ही सगळी मुळे एकदम तोडायची आणि त्यांनी धरून ठेवलेली माती उचलायची. माणसाने दहा वर्षांत बांधलेली भिंत एका धक्क्यात पाडण्यासारखेच हे काम आहे.

सगळे बुडखे सारखे नसतात. नारळ-पोफळीला सोटमूळ नसते, तंतुमुळांचा झुबका असतो. त्यामुळे गोव्याकडच्या बागेतला नारळाचा बुडखा मुळांचा गठ्ठा मोकळा केला की सुटतो. रोपातून वाढलेल्या आंब्याचे सोटमूळ मात्र खोल जाते. निलगिरीची गोष्ट आणखी वेगळी. ती कापली की बुडख्यातून पुन्हा फुटते, आणि म्हणूनच कागदाच्या लाकडासाठी ती लोकांना सोयीची वाटली. एकदा लावायची आणि तीन-चार वेळा कापायची. पण जमीन पुन्हा ऊस-भाताखाली आणायची ठरवली, की हाच गुण आडवा येतो. कर्नाटक शासनाने २०१७ साली निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. बंदीने नवी रोपे थांबली, तरी जमिनीतले जुने बुडखे काही आपोआप निघत नाहीत.

तिसरी जात वेड्या बाभळीची. कानडीत तिला बळ्ळारी जाली म्हणतात. मूळची अमेरिका खंडातली ही बाभूळ एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात आली आणि कोरड्या मुलखात मोकाट पसरली. तिच्या खोडाचा मुळाशी जिथे सांधा असतो, तिथे जमिनीच्या किंचित खाली सुप्त डोळे असतात. वरून कितीही कापली तरी ती तिथून पुन्हा फुटते. म्हणून तिला जमिनीखाली साधारण फूटभर खोलीवर, त्या डोळ्यांच्याही खाली तोडावे लागते. टेक्सास आणि ऑस्ट्रेलियात हिच्याच भाईबंदांनी कुरणे व्यापली आहेत. तिथे ट्रॅक्टरला जाड पोलादी पाते लावून झाड मुळापासून खणून काढण्याची पद्धत रूढ आहे.

अश्वशक्ती आणि पकड

'आमचा पंचेचाळीस एच्.पी. आहे, बुडखा काय, घर ओढील!' असे अभिमानाने सांगणारे आपल्या सर्वांच्या ओळखीचे असतील. हे विधान हिशोबाने तपासू. एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद. ४५ अश्वशक्ती म्हणजे ३,३७५ किलो. ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटर या संथ गतीने चालला, तर सेकंदाला सुमारे ०.८३ मीटर जातो. त्या गतीला इंजिनची ताकद कागदोपत्री ४,००० किलोच्या ओढीइतकी होते. गिअरमध्ये वाया जाणारी शक्ती वजा केली तरी अडीच-तीन हजार किलो सहज उरतात.

पण ट्रॅक्टर ओढतो तो चाकांच्या पकडीवर. या मापाच्या ट्रॅक्टरचे वजन २,००० किलो धरू. त्यापैकी साधारण १,२५० किलो मागच्या चाकांवर आणि ७५० किलो पुढच्या चाकांवर असते. कोरड्या, घट्ट जमिनीवर मागच्या चाकांची पकड त्यांच्यावरील भाराच्या पाऊणपट धरली, तरी ओढ सुमारे ९५० ते १,१०० किलोंपलीकडे जात नाही. त्यापुढे चाके जागच्या जागी फिरतात आणि माती उकरतात. म्हणजे इंजिन अडीच हजारांना तयार आहे, पण टायर हजारावरच हात टेकतात. बुडखा हलत नाही तेव्हा अश्वशक्ती कमी पडलेली नसते, पकड कमी पडलेली असते. हे एकदा लक्षात आले की मोठा ट्रॅक्टर आणण्याची घाई कमी होते आणि माणूस दुसऱ्या उपायांकडे वळतो.

जंगल तोडून शेते करणाऱ्या सरकारी खात्यांनीही हेच ओळखले होते. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन स्थापन केली, तेव्हा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर तिच्या हाती आले. पुढे १९४९ साली जागतिक बँकेने भारताला शेतीच्या यंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. या यंत्रांनी मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी खोल नांगरल्या, हिमालयाच्या पायथ्याशी तराईतले रान साफ केले. त्या कामाला मुख्यतः लोखंडी पट्ट्यांवर चालणारी अवजड यंत्रे होती. पट्टा रुंद, वजन भारी, म्हणून पकड मोठी. आपला रबरी चाकांचा शेतीचा ट्रॅक्टर त्या कुळातला नव्हे.

ट्रॅक्टर मागे उलटतो कसा?

आता मुख्य मुद्दा. साखळी ताणली गेली की ती ट्रॅक्टरला मागे ओढते. जमिनीपासून जितक्या उंचीवर ती बांधली असेल, तितक्या लांबीच्या तरफेने ती ट्रॅक्टरचे नाक वर उचलू पाहते. नाक खाली दाबून ठेवते ते पुढच्या चाकांवरचे वजन. आपल्या उदाहरणात पुढे ७५० किलो आणि दोन्ही चाकांमधले अंतर २ मीटर. म्हणजे खाली दाबणारा जोर ७५० गुणिले २, अर्थात १,५०० किलो-मीटर.

साखळी खालच्या ड्रॉबारला, जमिनीपासून ०.४ मीटर उंचीवर बांधली आहे असे धरा. ओढ १,१०० किलो असली तर उचलणारा जोर १,१०० गुणिले ०.४, म्हणजे ४४० झाला. पंधराशेसमोर तो काहीच नाही. शिवाय नाक थोडे उचलले गेलेच तर मागे असलेला ड्रॉबार आणखी खाली जातो, तरफ आखूड होते आणि ट्रॅक्टर आपणहून सावरतो.

आता तीच साखळी वर, टॉप लिंकच्या ब्रॅकेटला, सुमारे १ मीटर उंचीवर बांधा. सुरुवातीची ओढ ९५० किलो, म्हणजे उचलणारा जोर ९५०. अजून पंधराशेच्या आतच. पण एवढ्यावर थांबत नाही. नाक हलके झाले की पुढचे वजन मागच्या चाकांवर येते. मागे भार वाढला म्हणून पकड वाढते, पकड वाढली म्हणून ओढ वाढते, ओढ वाढली म्हणून नाक आणखी हलके होते. चक्रवाढ व्याजासारखाच हा प्रकार. याच आकड्यांनी गणित पुरे केले तर ओढ १,५०० किलोंपर्यंत पोहोचते आणि उचलणारा जोरही बरोबर १,५०० होतो. पुढची चाके अधांतरी! त्यात क्लच झटक्याने सोडला असेल, जमीन चढाची असेल किंवा मागची चाके स्वतःच उकरलेल्या खड्ड्यात रुतली असतील, तर उरलेसुरलेही संपले. चाके अडली की इंजिन चाकांना फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचा सांगाडाच मागच्या आसाभोवती फिरवू लागते.

हे किती वेळात घडते? ट्रॅक्टर पूर्ण उलटायला साधारण दीड सेकंद लागतो, आणि जिथून परत येणे शक्य नाही ती स्थिती त्याच्या निम्म्या वेळातच येते. धोका ध्यानात येऊन पाय क्लचवर जायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणून 'मी क्लच दाबीन ना!' या भरवशाला अर्थ नाही. शेजारच्या गावी साखळी वरच्या ब्रॅकेटला बांधली होती, असे तिथे हजर असलेल्यांनी मला सांगितले. ती वर बांधण्यामागचा विचारही साधा होता. खाली बांधली तर साखळी जमिनीला घासते, वर बांधली तर उचल मिळते, असे त्यांना वाटले.

फर्ग्युसनची युक्ती

ट्रॅक्टर मागे उलटण्याचे हे भय नवे नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात फोर्डसन ट्रॅक्टर आले, तेव्हा मागे जोडलेला नांगर दगडाला किंवा मुळाला अडकला की ते उभे राहत आणि चालकावर पडत. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन या यंत्रज्ञाने यावर बरीच वर्षे डोके चालवले. त्याने नांगर साखळीने ओढण्याऐवजी ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडला: खाली दोन दांडे, वर एक. १९२६ साली त्याला या जोडणीचे पेटंट मिळाले. नांगर अडकला की वरचा दांडा, म्हणजे आपली टॉप लिंक, ट्रॅक्टरला पुढे ढकलते आणि त्याचे नाक खाली दाबले जाते. ज्या अडथळ्याने पूर्वी ट्रॅक्टर उलटे, तोच आता त्याला जमिनीवर दाबून धरू लागला. पुढे हेन्री फोर्डशी झालेल्या करारानंतर १९३९ साली या जोडणीचा ट्रॅक्टर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर निघाला, आणि आज आपल्या गावातला जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर हीच तीन टोके घेऊन फिरतो. शेतकरी ज्याला नुसते 'मॅसी' म्हणतात, त्या मॅसी फर्ग्युसन नावातला फर्ग्युसन तो हाच.

आता गंमत पाहा. टॉप लिंक माणसाला वाचवते, ती तिन्ही टोके अवजाराला नीट जोडलेली असतील तेव्हा. अवजार काढून तिच्याच ब्रॅकेटला साखळी अडकवली, की ती वाचवणारी जागा घातक ठरते. खालच्या दोन दांड्यांमध्ये बसवलेल्या भोकांच्या आडव्या पट्टीला साखळी बांधून हायड्रॉलिकने ती पट्टी वर उचलणे, हाही त्यातलाच प्रकार.

स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाचे रक्षण करणारी पोलादी चौकट सक्तीची केली, आणि तिथे उलटण्याने होणारे मृत्यू हळूहळू पुष्कळ कमी झाले. ट्रॅक्टर उलटला तरी ती चौकट चालकाभोवती जागा राखते; मात्र कमरेला पट्टा हवा. आमच्या भागात मी जे ट्रॅक्टर पाहिले त्यांतील थोड्यांवरच अशी चौकट होती. बाकीच्यांवर उन्हासाठी कापडी छत होते. छताने ऊन अडते, ट्रॅक्टर अडत नाही.

कोणते अवजार कशासाठी?

ट्रॅक्टरला जोडून बुडखा काढण्याची साधने ढोबळमानाने चार प्रकारची आहेत.

पहिले साधन अर्थातच साखळी किंवा तारेचा दोर. स्वस्त, घरोघरी असलेले आणि सर्वांत धोक्याचे. ते वापरायचेच तर ड्रॉबारलाच बांधावे.

दुसरे, तीन टोकांवर बसणारा चिमटा. ट्रॅक्टर मागे घेऊन याचे जबडे खोडाला लावायचे आणि हायड्रॉलिकने उचलायचे. वजन जितके वाढते तितके जबडे अधिक आवळतात. ही ओढ आडवी नसून सरळ वर असते आणि तिचा भार मागच्या चाकांवर उतरतो. नाक उचलले गेलेच तर दांडे खाली जातात, ताण सैल होतो आणि ट्रॅक्टर परत टेकतो. मात्र या मापाच्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक उचल साधारण दीड हजार किलोंच्या आसपास असते, म्हणून हे अवजार मनगटाएवढ्या, फार तर पोटरीएवढ्या खोडांसाठीच. सुबाभूळ, वेडी बाभूळ, घाणेरी यांची दाटी काढायला ते उत्तम.

तिसरे, मुळे तोडणारे दाते. सबसॉयलर म्हणजे खोल जाणारा एक भक्कम दाता. तो बुडख्यापासून थोड्या अंतरावरून चारी बाजूंनी फिरवला की आडवी मुळे तुटतात. त्यानंतर बुडख्याची धरच निम्मी होते. पुष्कळांच्या दारात हे अवजार ऊसशेतीसाठी असतेच. त्याचा हा उपयोग फारसा कुणी करत नाही, याचे नवल वाटते.

चौथे, बुडखा किसणारे यंत्र. पी.टी.ओ. वर, मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या दांड्याने एक चाक फिरते. त्याच्या कठीण धातूच्या दातांनी बुडख्याचा जमिनीखाली काही इंचांपर्यंत भुसा होतो. यात ओढणे नाही, म्हणून उलटणेही नाही. पण खालची मुळे जागीच राहतात. अंगणात, पाइपलाइनजवळ किंवा भिंतीलगत हे योग्य. खोल नांगरट करायची असेल तर नाही.

आणि या चौघांना मागे टाकणारा पाचवा म्हणजे जेसीबी. ब्रिटनच्या या कंपनीने १९७९ साली एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत भारतात कारखाना काढला, आणि आज तिचे नाव हेच यंत्राचे नाव झाले आहे. जेसीबी बुडखा इतक्या सहज का काढतो? तो टायरच्या पकडीवर विसंबत नाही. दोन लोखंडी पाय जमिनीत रोवतो, आधी माती उकरतो, एकेक मूळ तोडतो आणि मग बुडखा उचलतो. शक्तीपेक्षा पद्धतच जास्त. त्याचे वैगुण्य एवढेच की खड्डा मोठा पडतो, आणि चालक घाईचा असला तर खालचा मुरूम वर आणि वरची काळी माती खाली जाते. ती जागा मग दोन-तीन वर्षे पिकत नाही. वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला काढून त्याच क्रमाने भरायला सांगावे. चांगला चालक ऐकतो.

उंची, ओल आणि सबुरी

साखळीवाचून गत्यंतर नसेल तेव्हा तीन गोष्टींनी काम हलके होते.

एक, झाड तोडतानाच बुडखा छातीइतका उंच ठेवावा. लाकूडवाला जमिनीलगत कापायला बघतो, कारण त्याला वजन हवे असते. पण जमिनीपासून २० सेंटिमीटरवर साखळी बांधण्याऐवजी १२० सेंटिमीटरवर बांधली, तर त्याच ओढीचा बुडख्यावरचा उलथवणारा जोर सहापट होतो. थोडक्यात, ट्रॅक्टरच्या बाजूला साखळी खाली आणि बुडख्याच्या बाजूला वर. ज्या तरफेने ट्रॅक्टर उलटतो, तीच बुडख्यावर वापरायची.

दोन, जमिनीची ओल. वळवाचे एक-दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर चार-सहा दिवसांनी माती मुळांना सोडू लागते, पण ट्रॅक्टरला अजून धरून ठेवते. वैशाखातल्या कोरड्या जमिनीत बुडखा जणू काँक्रीटमध्ये बसवलेला असतो. आणि आषाढात बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानात बुडख्याआधी ट्रॅक्टरच रुततो.

तीन, सबुरी. भोवताली चर खणून जाड मुळे कुऱ्हाडीने तोडावीत, साखळी हळूहळू ताणावी, बुडखा हलला की थांबून पुन्हा मुळे पाहावीत. ढिल्या साखळीने धावत जाऊन हिसका देऊ नये. आमच्याकडे काका ओरडतात, 'दमानं घे गा!' आणि कानडी चालक स्वतःशीच म्हणतो, 'निधान, निधान.' मराठीत 'निदान' म्हणजे 'कमीत कमी'. कानडीत 'निधान' म्हणजे 'सावकाश'. निदान या कामात तरी निधान असावे, असे आम्ही दोन भाषांची मुले थट्टेने म्हणतो.

याखेरीज एक कप्पी जवळ असेल तर पकडीचा प्रश्नच निम्मा होतो. कप्पी बुडख्याला बांधायची, दोराचे एक टोक दुसऱ्या भक्कम झाडाला आणि दुसरे ट्रॅक्टरला. ट्रॅक्टर हजार किलोंनी ओढतो, पण बुडख्यावर दोन हजारांच्या जवळ ओढ पडते. ट्रॅक्टरला अंतर मात्र दुप्पट जावे लागते. कप्पी आणि तिची बांधणी तेवढ्या भाराची हवी. ताणलेला तारेचा दोर तुटला तर चाबकासारखा येतो; म्हणून त्यावर मधोमध भिजवलेले गोणपाट टाकावे आणि दोराच्या लांबीइतक्या अंतरात कुणाला उभे राहू देऊ नये. लहान मुले हे दृश्य पाहायला हमखास येतात. त्यांना आधी घरी पाठवावे.

हिशोब

आता माझ्या विषयाकडे येतो. खालचे दर केवळ उदाहरणापुरते आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे घालून पाहावेत.

मोठे बुडखे आधी. मजुरांनी चर खणायचा आणि ट्रॅक्टरने ओढायचे: समजा दोन मजुरांचा अर्धा दिवस ५०० रुपये, ट्रॅक्टर अर्धा तास ४०० रुपये, एका बुडख्याला ९०० रुपये. जेसीबी ताशी १,२०० रुपये आणि तासाला चार बुडखे धरले, तर एका बुडख्याला ३००. शिवाय तो गावात आणण्याचे एकरकमी १,००० रुपये. हे १,००० म्हणजे आमच्या भाषेत स्थिर खर्च, आणि प्रत्येक बुडख्यामागे बचत ६०० रुपये. म्हणजे दुसऱ्याच बुडख्याला जेसीबी परवडू लागतो. एखादा दुसरा बुडखा असेल किंवा वाट अरुंद असेल, तरच साखळीचा विचार.

लहान खोडांचे उलट. चिमट्याने तासाला वीस खोडे निघाली आणि ट्रॅक्टर ८०० व मदतनीस १०० रुपये धरला, तर एका खोडाला ४५ रुपये. जेसीबीने तासाला पंधरा धरली तर ८० रुपये. बचत ३५ रुपयांची. चिमटा करून घ्यायला ३०,००० रुपये लागले, तर ३०,००० भागिले ३५, म्हणजे सुमारे ८५७ खोडांनंतर पैसे वसूल. एकट्या शेतकऱ्याला हे जड; पण गावातल्या सोसायटीने घेतला तर एका हंगामाचे काम. आपल्या राज्यात 'कृषी यंत्रधारे' केंद्रांतून नांगर, रोटाव्हेटर भाड्याने मिळतात. त्यांत असले अवजार असावे, अशी मागणी शेतकऱ्यांनी करायला हरकत नाही.

या दोन्ही हिशोबांत एक रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवला आहे. कॉस्टिंगच्या पुस्तकात मजुरी, डिझेल, घसारा यांना जागा असते. चालकाच्या जिवाला नसते. साखळी घरची म्हणून तिचा खर्च शून्य धरतात. पण ज्या घरचा कर्ता मुलगा गेला, त्या घराने त्या शून्याची किती किंमत मोजली, हे आम्ही गावात पाहिले आहे. साखळीची पद्धत स्वस्त वाटते ती हा रकाना रिकामा ठेवल्यामुळे.

काढण्यापूर्वी

दोन गोष्टी थोडक्यात. झाड आपल्या शेतात असले तरी ते तोडायला कायदा आहे. कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा, महाराष्ट्रात १९६४ चा झाडे तोडण्याच्या नियमनाचा, गोव्यात १९८४ चा. निलगिरी, सुबाभूळ यांसारख्या काही जातींना कर्नाटकात सूट आहे. इतरांसाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. ज्यांचे एक शेत खानापुरात आणि दुसरे चंदगडात आहे, त्यांनी दोन्हीकडचे नियम पाहावेत.

दुसरे, प्रत्येक बुडखा काढलाच पाहिजे असे नाही. बांधावरचा, ओढ्याकाठचा, उताराचा बुडखा मेल्यानंतरही काही वर्षे माती धरून ठेवतो. तो काढला तर पहिल्याच पावसात बांध फुटतो. तिथे धुमारे वेळोवेळी छाटून त्याला कुजू देणे हाच शहाणपणा.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्यांनी पुढच्या सुट्टीत एवढे करावे. मागे जाऊन साखळी कुठे अडकवतात ते पाहावे. ती ड्रॉबारच्या वर असेल तर खाली घ्यायला सांगावे. घरची मोठी माणसे पहिल्या वेळी ऐकणार नाहीत. 'चार बुकं शिकून आम्हाला ट्रॅक्टर शिकवतोस काय?' असेही म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नये. एका बाजूला ४४० आणि दुसऱ्या बाजूला १,५०० असे दोन आकडे कागदावर मांडून दाखवावेत. हिशोब कळणारी माणसे आहेत ती. आयुष्यभर त्यांनी तेच केले आहे.